आधी घर पाठ करा, मग भूत आणा

दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी आम्ही चौघांनी आमच्याच घरात भुताची शॉर्टफिल्म केली. वेळेची मर्यादा आठ मिनिटं होती. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, या हिशोबाने आमचा १४ पानांचा पहिला खर्डा जवळजवळ दुप्पट लांब होता आणि त्यात भूत ११ वेळा दिसत होतं. आमच्या मॅडमनी तो शांतपणे वाचला आणि विचारलं, "पॅसेजचं दार आत उघडतं की बाहेर?" चौघांपैकी कुणालाच सांगता आलं नाही. मी त्या घरात लहानाची मोठी झाले होते, तरीही.

त्या प्रश्नामुळे आमचं सगळं नियोजन बदललं. तुम्हीही पटकथेच्या आधी घराचा नकाशा काढा. चौकटीच्या कागदावर खोल्या, खिडक्या, दारं कुठल्या बाजूला उघडतात, प्लगपॉइंट कुठे आहेत, कॅमेरा मागे किती सरकू शकतो, एवढं सगळं त्यात हवं. बाथरूममध्ये ट्रायपॉड मावत नाही हे नकाशावर कळलं, तर तो सीन तेव्हाच बदलता येतो. रात्री अकरा वाजता कळलं तर सगळ्यांचा वेळ जातो.

नकाशाचा याहून मोठा उपयोग गोष्टीसाठी होतो. घरातल्या भीतीचं मूळ ओळखीच्या जागेत असतं. प्रेक्षकाला ते घर ओळखीचं झालेलं नसेल, तर त्यात काय बिघडलं हे त्याला कळणार कसं? म्हणून आम्ही एक नियम केला: रात्री जी वस्तू बदलणार, ती दिवसा निदान दोनदा साध्या अवस्थेत दिसली पाहिजे. आमच्याकडे ती वस्तू होती एक लाकडी स्टूल. सकाळी नायिका त्यावर बसून बुटाची लेस बांधते. संध्याकाळी त्यावर बॅग टाकते. रात्री तेच स्टूल पॅसेजच्या मधोमध, तिच्या दाराकडे तोंड करून ठेवल्यासारखं दिसतं. स्टुलाला तोंड नसतं, पण त्याच्या एका बाजूला पाठीची फळी होती. ही फळी मला आजही त्या फिल्ममधली सगळ्यात चांगली निवड वाटते.

यासाठी तिन्ही शॉटची फ्रेम तंतोतंत एकच हवी. ट्रायपॉडच्या तिन्ही पायांपाशी जमिनीवर टेप लावा, कॅमेऱ्याची उंची लिहून ठेवा, फ्रेमचा फोटो काढून ठेवा. फ्रेम जराशी जरी हलली, तर प्रेक्षकाचं लक्ष कॅमेऱ्याकडे जातं, स्टुलाकडे नाही.

पटकथा शेवटी सात पानांवर आली: एक पात्र, एक दिवस, तीन जागा. भूत दोनदाच.

प्रकाशाबद्दल सांगायचं तर, अंधाराचा सीन म्हणजे अंधारात केलेलं शूटिंग नव्हे. प्रकाश कमी पडला की मोबाइल आपोआप आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, वाढवतो आणि काळ्या भिंतीवर मुंग्या चालल्यासारखे दाणे दिसू लागतात. आमची पहिली रात्र त्यातच वाया गेली. शिवाय नायिका दिव्याजवळून गेली की एक्स्पोजर, म्हणजे चित्र किती उजळ दिसतं ते, आपोआप वरखाली व्हायचं. दुसऱ्या दिवशी मॅन्युअल सेटिंग देणारं अ‍ॅप घेतलं आणि फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स (चित्रातला रंग निळसर की पिवळसर दिसेल हे ठरवणारी सेटिंग) तिन्ही लॉक केले. फ्रेम रेट सेकंदाला २४ चित्रं असा ठेवा. शटरचा वेग, वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर १/५० सेकंद आणि ६० चा असेल तर १/६०. नाहीतर काही दिवे चित्रात फडफडतात. रात्रीचे दोन सीन आम्ही चक्क दुपारी केले. पडदे ओढले, व्हाइट बॅलन्स ३२०० केल्व्हिनवर ठेवला, म्हणजे खिडकीचा उजेड निळसर झाला, आणि एक्स्पोजर उतरवलं. कोपऱ्यात एक टेबललॅम्प. बस.

भुतासाठी आम्ही सॉफ्टवेअर वापरलंच नाही. १८६२ साली लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन पेपर यांनी रंगमंचावर काचेच्या प्रतिबिंबातून भूत दाखवलं होतं. ती युक्ती घरातही चालते. कॅमेऱ्यासमोर स्वच्छ काच साधारण ४५ अंशांत उभी करा. बाजूला, फ्रेमच्या बाहेर, काळ्या कापडासमोर भुताचं काम करणाऱ्याला उभं करा. त्याच्यावरचा दिवा डिमरने हळूहळू वाढवला की खोलीत पारदर्शक माणूस उमटतो. काच मात्र दोघांनी धरा, कडांना जाड टेप लावा. मेणबत्त्या आणि पडदे एका फ्रेममध्ये आणू नका.

आवाजाचं नियोजन आम्ही उशिरा केलं, त्याची हळहळ वाटते. फ्रिजची घरघर आपल्या कानांना सवयीची असते, माइकला नसते. शूटिंगपुरता फ्रिज बंद करा आणि गाडीच्या किंवा घराच्या किल्ल्या त्यातच ठेवा. निघताना किल्ल्या घ्यायला गेलात की फ्रिज सुरू करायची आठवण होतेच. प्रत्येक खोलीची निदान ३० सेकंदांची निव्वळ शांतता रेकॉर्ड करा. एडिटिंगमध्ये दोन शॉटचे सांधे तीच बुजवते, आणि भुताच्या फिल्ममध्ये ती अचानक काढून घेतली की पोटात गोळा येतो. पावलं, दाराची करकर, श्वास हे नंतर सावकाश रेकॉर्ड करा. किंचाळण्याचा सीन असेल तर शेजाऱ्यांना आधी सांगा.

वेळापत्रक गोष्टीच्या क्रमाने लावू नका, जागेच्या क्रमाने लावा. आम्हाला एका शॉटला सरासरी २५ मिनिटं लागली, त्यामुळे एका रात्रीत दहाच्या वर शॉट ठरवणं आम्ही सोडून दिलं. शॉट उलटसुलट क्रमाने होत असल्यामुळे भिंतीवरचं घड्याळ काढून ठेवलं, वेळ जुळवायची तेवढीच एक काळजी कमी.

कच्चा कट तयार झाल्यावर पटकथा न वाचलेल्या एका मित्राला दाखवला. काचेतलं भूत आलं तेव्हा तो म्हणाला, "मस्त केलंय." स्टूल आलं तेव्हा काहीच बोलला नाही. संपल्यावर म्हणाला, "ते स्टूल पुन्हा दाखव ना, नीट दिसलं नाही." शॉट दोन सेकंदांचा होता. आम्ही तो सहा सेकंदांचा केला आणि त्याखालची शांतता काढून टाकली.