किचन मॅनेजर शोधताय? कामाचं वर्णन लिहिताना या चुका टाळा

संभाजीनगरच्या जालना रोडवर जा नाहीतर लातूरच्या बार्शी रोडवर, हॉटेलांच्या जाहिरातीत एक ओळ ठरलेली: 'किचनची संपूर्ण जबाबदारी सांभाळणे'. ही जबाबदारी नव्हे, उद्या खापर फोडायची सोय आहे.

सगळ्यात जुनी चूक म्हणजे वस्ताद, म्हणजे मुख्य आचारी, आणि मॅनेजर एकच समजणं. वस्ताद चव आणि हाताखालची पोरं बघतो. मॅनेजर माल, ड्युटी, हिशेब आणि स्वच्छता बघतो. छोट्या हॉटेलात एकच माणूस दोन्ही करेल, पण मग तसं लिहा. आणि रात्री आठ ते साडेदहा तो शेगडीपुढे असताना काउंटरला कोणी उत्तर द्यायचं, तेही लिहा.

त्याहून वाईट चूक म्हणजे अधिकार न देता फूड कॉस्ट, म्हणजे विक्रीतला मालाच्या खर्चाचा वाटा, आटोक्यात मागणं. कागदावर लिहिलेलं असतं '32 टक्क्यांच्या आत'. आता उदाहरणादाखल एक महिना घ्या. सुरुवातीचा साठा 80 हजार, खरेदी 3 लाख 60 हजार, अखेरचा साठा 70 हजार. म्हणजे माल खपला 3 लाख 70 हजारांचा. विक्री 10 लाख. फूड कॉस्ट आली 37 टक्के, आणि मालक भडकले.

पण जाधववाडीच्या बाजारातून भाजी आणतात मालकांचे मेहुणे, तीही न मोजता आत येते. पनीरचा भाव मालकांनीच फोनवर ठरवलेला. 18 कामगारांचं दोन्ही वेळचं जेवण त्याच मालातून निघतं. ताटाला 40 रुपये धरले तरी महिन्याला 43,200 रुपये होतात, म्हणजे विक्रीच्या सव्वाचार टक्के तिथेच गेले. पाहुण्यांच्या टेबलाचं बिल होत नाही ते वेगळंच. मॅनेजरच्या हातात उरतं वेस्टेज आणि ग्रेव्हीच्या पळीचं माप. तेवढ्यावर पाच टक्के कुठून काढायचे? दुसऱ्या महिन्यात तो गाठोडं बांधतो आणि तीच जाहिरात पुन्हा लागते, एक शब्दही न बदलता.

यावर साधा इलाज आहे. कागदावर दोन रकाने पाडा: 'स्वतः ठरवेल' आणि 'विचारून ठरवेल'. रोजची भाजी, खराब माल परत पाठवणं, ड्युटी लावणं, 5 हजारांपर्यंतची दुरुस्ती पहिल्या रकान्यात. मेनूचे दर आणि नवा सप्लायर दुसऱ्यात. फूड कॉस्टचा आकडा लिहायचाच असेल तर स्टाफचं जेवण धरून की वगळून, ते त्याच ओळीत आलं पाहिजे. पहिला रकाना रिकामा राहिला तर तुम्हाला मॅनेजर नको, स्टोअरकीपर हवाय.

'स्वच्छता राखणे' ही ओळ खोडून टाका. त्याऐवजी लिहा: फ्रिज 5 अंशांच्या आत, डीप फ्रीजर उणे 18, गरम ठेवलेली ग्रेव्ही 60 च्या वर, दिवसातून दोनदा थर्मामीटर लावून वहीत नोंद आणि सही. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या फॉस्टॅक प्रशिक्षणाच्या नियमानुसार 25 कामगारांमागे किमान एक प्रशिक्षित पर्यवेक्षक लागतो. तो हाच माणूस असेल, की प्रशिक्षण हॉटेल देणार? कामगारांच्या वार्षिक वैद्यकीय तपासणीची फाइल कोणाकडे?

पंचतारांकित हॉटेलचं इंग्रजी वर्णन नेटवरून उतरवणाऱ्यांना एकच विचारावंसं वाटतं: ज्वारीच्या भाकरीला बाई ठेवायची की पोरगा, हे त्यात कुठे आहे? एप्रिल-मेमध्ये टँकर कोण सांगणार, टाकी कोण धुऊन घेणार, हे तरी आहे का?

'पगार योग्यतेनुसार' लिहू नका, आकडा लिहा. 'अनुभव 5 वर्षे' एवढ्यावरही भागत नाही. लग्नाच्या केटरिंगचा अनुभव आणि रात्री 40 टेबलांच्या सुट्या ऑर्डरी काढण्याचा अनुभव यात फार फरक आहे. दुपारी चार ते सहा सुट्टी असली तरी सकाळी दहा ते रात्री साडेअकरा असा दिवस जाणार, हे लपवू नका. राहायला खोली देणार का, तेही सांगा.

मॅनेजर सोडून गेला त्याच रात्री जाहिरात लिहायला बसू नका. तीन दिवस वही घेऊन किचनमध्ये थांबा: गॅसच्या 19 किलोच्या टाकीचा नंबर कोण लावतो, सकाळी दूध-भाजीची गाडी कोण उतरवून घेतो, रात्री उरलेल्या मालावर तारीख कोण टाकतो. तीच यादी कामाचं वर्णन. छापण्याआधी ती वस्तादाला वाचून दाखवा. ज्या ओळीला तो "हे तर मीच करतो" म्हणेल, ती ओळ त्याच्यासमोरच नव्याने लिहा.