फौजदारी खटल्यातील पुरावा: फिर्यादी, पंच आणि साक्षीदारांनी या चुका टाळा

आरोपी निर्दोष सुटला की 'सगळ्या गावाला ठाऊक होते, तरी सुटला' असे हमखास ऐकू येते. गावाला काय ठाऊक आहे याच्याशी न्यायालयाला कर्तव्य नसते. जे कायद्याने मान्य केलेल्या मार्गाने अभिलेखावर आले आणि उलटतपासात टिकले, तेवढ्यावरच निकाल द्यावा लागतो. खटल्यातील बरीचशी भगदाडे घटनेनंतरच्या पहिल्या काही दिवसांतच पडलेली असतात आणि ती नंतर कितीही नामांकित वकील दिला तरी पुरती बुजवता येत नाहीत.

सध्या सर्वाधिक नुकसान मोबाइल आणि सीसीटीव्हीच्या पुराव्यात होताना दिसते. मारहाणीचे चित्रण कोणीतरी करतो, ते व्हॉट्सॲपवर चार गटांत फिरते, आणि मूळ चित्रण ज्या फोनमध्ये होते तो फोन दरम्यान विकला जातो किंवा 'रिसेट' केला जातो. फिरत आलेली प्रत मुळाइतकी स्पष्ट नसते, तिच्यावरची मूळ तारीख-वेळ गेलेली असते, आणि ती कोणी, कोणत्या यंत्रावर घेतली हे सांगणारा माणूसही सापडत नाही. इमारतीतील डीव्हीआरमध्ये, म्हणजे सीसीटीव्हीचे चित्रण साठवणाऱ्या यंत्रात, जुन्या चित्रणावर काही दिवसांनी नवे चित्रण आपोआप चढते, म्हणून 'पोलीस येऊन नेतील' असे म्हणत बसू नये, तर लेखी अर्ज देऊन ते जपण्याची मागणी त्याच दिवशी करावी आणि अर्जाची पोच घ्यावी. मूळ यंत्रच न्यायालयात हजर करून ते वापरणाऱ्याने साक्ष दिली तर प्रश्न सोपा असतो. पेन ड्राइव्ह किंवा सीडीवरील प्रत दिली तर मात्र ती कोणत्या यंत्रावरून, कशी घेतली हे सांगणारे प्रमाणपत्र लागते. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये हे ठामपणे सांगितले ते अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलाश गोरंट्याल या प्रकरणात. तो वाद फौजदारी नव्हता, जालना विधानसभा मतदारसंघातील उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाले की नाही याचा होता. परंतु तेथील नियम खुनाच्या खटल्यालाही तितकाच लागू आहे. प्रमाणपत्र देणारा अधिकारी टाळाटाळ करत असेल तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवता येते, हेही त्याच निकालात आहे. 1872 च्या पुरावा कायद्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार आता या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत: एक प्रत सादर करणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइल जराही बदलली की बदलणारी तिची अंकाक्षरी खूण, नमूद करावे लागते, म्हणजे फाइलमध्ये नंतर कोणी फेरफार केला तर तो लपत नाही.

दुसरा गैरसमज कबुलीजबाबाबद्दल आहे. 'त्याने पोलिसांसमोर सगळे कबूल केले' अशी बातमी वाचून फिर्यादीकडचे लोक निर्धास्त होतात आणि बाकीच्या पुराव्याकडे दुर्लक्ष करतात. पोलीस अधिकाऱ्याला दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्धच करता येत नाही. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम 25 मध्ये होते, आता साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 मध्ये आहे. तिचा जो थोडा भाग वाचतो तो वस्तू शोधून काढण्यापुरता. समजा, कोठडीतील आरोपी म्हणाला, 'ज्या कोयत्याने मी त्याला मारले तो गोठ्यामागच्या उकिरड्यात पुरला आहे, चला, काढून देतो.' यातील 'कोयता उकिरड्यात पुरला आहे, काढून देतो' एवढेच ग्राह्य धरले जाते, आणि 'ज्याने मी त्याला मारले' हे शब्द वगळले जातात. ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने 1946 साली पुलुकुरी कोटय्या खटल्यात घालून दिलेली ही रेघ आजही तशीच आहे. कोयता त्या खुनात वापरला गेला, हे वेगळ्या पुराव्याने दाखवावे लागते.

या ठिकाणी पंचांची चूक सर्वांत महागात पडते. आरोपीचे असे निवेदन आणि त्यावरून झालेली जप्ती नोंदवणाऱ्या निवेदन पंचनाम्यावर पोलीस ठाण्यात बसूनच सह्या करणारा पंच साक्षीच्या पिंजऱ्यात दोन प्रश्नांत कोसळतो. ठाण्यातून वाहन कोणत्या दिशेने निघाले, पुढे कोण चालत होते, उकिरडा कोणी उकरला, कोयता कागदात गुंडाळून पाकीट लाखेने मोहोरबंद केले का, त्याच्या लेबलवर आपली सही होती का, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले सांगता आले पाहिजे. मोहोर शाबूत राहिल्याचा पुरावा नसेल तर रासायनिक विश्लेषकाच्या अहवालात कोयत्यावर मानवी रक्त आढळल्याचे लिहिले असले तरी त्याचे वजन फारसे उरत नाही. झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रण फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 ने बंधनकारक केले आहे, तेव्हा पंचाने चित्रण चालू आहे का, हे विचारायला कचरू नये. त्याचप्रमाणे नातेवाइकांनी स्वतः शोधाशोध करून हत्यार हुडकू नये, कारण जागा आधीच ठाऊक झाली असेल तर आरोपीने ती 'दाखवली' याला अर्थ राहत नाही.

जबाबाच्या बाबतीत साक्षीदार दोन टोकांच्या चुका करतात. काही जण महत्त्वाचे सांगायचे विसरतात आणि काही जण नंतर आठवले म्हणून न्यायालयात भर घालतात. सरतपासात, म्हणजे सरकारी वकिलाच्या प्रश्नांना उत्तरे देताना, साक्षीदार सांगतो की आरोपीच्या हातात कोयता होता आणि तो 'आज सोडत नाही' असे ओरडला. मग बचाव पक्षाच्या वकिलाचा उलटतपास सुरू होतो.

'हे तुम्ही पोलिसांना सांगितले होते का?'
'होय, सांगितले होते.'
'मग तुमच्या जबाबात ते का नाही?'
'कारण सांगता येणार नाही.'

हे शेवटचे वाक्य आपल्याकडील साक्षींत इतक्यांदा आढळते की ते छापील वाटावे. पुढे तपास अधिकाऱ्याने 'साक्षीदाराने मला तसे सांगितले नव्हते' असे म्हटले की ती त्रुटी सिद्ध होते. प्रत्येक त्रुटी घातक नसते, मुद्द्याच्या मुळाशी जाणारीच घातक ठरते. म्हणून जबाब संपल्यावर तो वाचून दाखवण्याची मागणी करावी, कोण, काय, कोठे, कोणत्या हत्याराने हे त्यात आले आहे का ते पाहावे. पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर सही घेतली जात नाही, त्यामुळे सही नाही म्हणून घाबरण्याचे कारण नाही. रागाच्या भरात आरोपीच्या म्हाताऱ्या आईपासून परगावच्या मेहुण्यापर्यंत सर्वांची नावे फिर्यादीत घालणे हा तर स्वतःच्याच पायावर धोंडा आहे. एक भाग खोटा म्हणून सगळी साक्ष फेकून द्यावी असा नियम आपल्याकडे नाही, पण अशा साक्षीला आधार शोधण्याची वेळ न्यायालयावर येते.

अनोळखी आरोपी पकडला गेल्यावर त्याचे छायाचित्र गावाच्या गटावर टाकणाऱ्याने ओळख परेड, म्हणजे साक्षीदाराने इतर लोकांमधून आरोपीला ओळखून दाखवण्याची प्रक्रिया, निकामी केलेली असते. साक्षीदाराने परेडपूर्वी तो चेहरा पाहिला होता, एवढे निघाले तरी बचाव पक्षाचे काम होते.

साक्षीदार फितूर झाला म्हणजे त्याची साक्ष संपूर्ण पुसली गेली, असे मात्र नाही. तिचा विश्वासार्ह भाग वापरता येतो. साक्षीदारांची ठरावीक संख्याही लागत नाही, एकाच विश्वासार्ह साक्षीवर शिक्षा होऊ शकते.

प्रत्यक्षदर्शी नसताना परिस्थितीच्या कड्या जोडून उभ्या राहणाऱ्या परिस्थितीजन्य पुराव्यात संशयालाच पुरावा समजण्याची चूक होते. पुण्यातील शरद बिरधीचंद सारडा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये साखळीचे पाच निकष सांगितले आणि आरोपीला सोडले. आरोपीने खोटे स्पष्टीकरण दिले, ही बाब आधीच पूर्ण असलेल्या साखळीला जोडता येते, तुटलेली कडी तिने भरता येत नाही. घरात घडलेल्या मृत्यूबाबत 'त्यालाच माहीत, त्यानेच सांगावे' हा युक्तिवादही तसाच जपून करावा लागतो. साक्ष्य अधिनियमाच्या कलम 109 नुसार स्वतःलाच माहीत असलेली गोष्ट आरोपीने सांगायची असली, तरी त्या रात्री तो घरात होता, हे आधी सरकार पक्षाने सिद्ध करायचे असते.

कोणता कायदा लावायचा यातही गोंधळ होतो. 1 जुलै 2024 रोजी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, तेव्हा जो तपास, खटला किंवा अपील प्रलंबित होते, त्याला 1872 चा पुरावा कायदाच लागू राहतो. अशा प्रकरणात प्रमाणपत्रही कलम 65-ब खालचेच लागते, आणि अर्जावर कलम लिहिण्यापूर्वी तपास केव्हा सुरू झाला ते दोषारोपपत्रातून पाहून घ्यावे.