लेथ थरथरायचा, तो असा थांबवला

लाकूड कातायचा नाद लागला, पण नवा लेथ, म्हणजे लाकूड फिरवून कातायचं यंत्र, परवडेना. मिरजेतल्या भंगारातून मिनिटाला १४४० फेऱ्यांची अर्ध्या एचपीची मोटर आणली, फ्रेम वेल्डिंग करून घेतली. वखारीतला बाभळीचा ठोकळा चढवला, तर टेबलच नाचायला लागलं. गोल पटाशी हातातून उडाली. फार घाबरलो, गॉगल होता म्हणून बरं, त्यात काटकसर करू नका.

मुख्य दोष वेगात होता. मोटरवर २ इंची, लेथवर ४ इंची पुली बसवली. फेऱ्या ७२० वर आल्या. ठोकळ्याचे कोपरे रंध्याने उडवून अष्टकोनी केला, पटाशी ठेवायचा टेकू लाकडाच्या अगदी जवळ घेतला. आता पटाशीच्या धारेमागचा उतार आधी लाकडावर टेकवतो, मग हळूच मूठ उचलतो. परवा ओल्या बाभळीची लांब, तांबूस सालपटं सुटली आणि मनगटावर गार पडली.