असोसिएट डिग्री आपोआप मिळत नाही

कॅलिफोर्नियात आल्यावर कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांची असोसिएट डिग्री देणाऱ्या सरकारी कॉलेजात, नाव घालणाऱ्या मराठी मुली विचारतात, आधी कोणते कोर्स घेऊ? ते काउन्सेलर सांगेलच. मी सांगते ते शेवटच्या सत्राचं आहे.

६० युनिटं (कोर्सचे क्रेडिट) भरली म्हणजे डिग्री झाली, असं धरून चालू नका. बहुतेक कॉलेजांत डिग्रीसाठी पिटिशन, म्हणजे वेगळा अर्ज भरावा लागतो आणि त्याची मुदत पदवीदान समारंभाच्या बरीच आधी संपते. गाऊन घेणं, समारंभात चालणं हे खातंच वेगळं. मी टोपी घालून स्टेजवर गेले, हस्तांदोलन झालं, हातात डिप्लोमाचं कव्हर आलं. ते रिकामं होतं. ते सगळ्यांचंच रिकामं असतं, कारण खरा डिप्लोमा नंतर येतो. माझा आलाच नाही, कारण पिटिशनच नव्हतं, आणि मला ते कुणी सांगितलंही नव्हतं. घाबरू नका, पुढच्या सत्रात अर्ज केला आणि डिग्री मिळाली. पण मधल्या काळात नोकरीच्या अर्जात डिग्री लिहिता येईना. म्हणून पुन्हा सांगते: अर्ज भरा, पोच जपून ठेवा, निकालानंतर ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे कॉलेजचं गुणपत्रक, उघडा आणि त्यावर डिग्री दिल्याची नोंद आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

पुढे चार वर्षांच्या डिग्रीसाठी कॅल स्टेटला (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीला) जायचं असेल तर ट्रान्सफरसाठीची असोसिएट डिग्री घ्या. २०१० च्या कायद्याने ती आली. तिने कॅल स्टेटमध्ये जागा नक्की मिळते, पण हवा तोच कॅम्पस मिळेल असं नाही. व्हॉट्सॲपवरच्या ताईची कोर्सयादी तर मुळीच उचलू नका. तिचं कॅटलॉगचं वर्ष, म्हणजे ज्या वर्षाचे नियम तिला लागू ते, वेगळं, विषय वेगळा. कम्युनिटी कॉलेजचा कोणता कोर्स कोणत्या युनिव्हर्सिटीत चालतो ते असिस्टच्या (assist.org) साइटवर फुकट दिसतं. माझ्या मते दर सत्राला एकाच काउन्सेलरकडे जावं. नवा माणूस दरवेळी नवा प्लॅन काढतो आणि जास्तीची युनिटं आपल्या गळ्यात पडतात.

आणि समारंभ चुकवू नका! ‘या वयात कशाला’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. माझ्या रांगेत पुढे एक आजी होत्या, त्यांची नातवंडं नाव घेऊन ओरडत होती. टोपीचा गोंडा उजवीकडून डावीकडे न्यायचा, तो क्षण रात्रीचे क्लास करून कमावलेला असतो. आई-बाबांना भारतातून बोलवायचं असेल तर व्हिसाचं आधी बघा आणि कॉलेज माणशी किती पास देतं तेही विचारून ठेवा.