पिल्लू देण्याआधी विचारा : दुपारी घरी कोण असतं?

रस्त्यावरून उचललेल्या कुत्र्याच्या पिल्लाचा फोटो टाकला की फोन भरपूर येतात. पण फोन करणारा एक असतो आणि पुढे सांभाळणारं दुसरंच कोणीतरी. नागपुरात पिल्लांना घरं शोधून देताना मी हेच आधी तपासते. बहुतेक फोन कॉलेजच्या पोरापोरींचे. त्यांना पहिला प्रश्न, "दुपारी घरी कोण असतं?" उत्तर येतं, "आई असते." मग मी म्हणते, "बाळा, आईला दे फोन." आई बोलायला लागली की सगळं कळतं. "ताई, हा तर जूनमध्ये पुण्याला चालला. मंग त्याचं शी-शू मीच काढू का?" ही बाई वाईट नाही, खरं बोलते आहे. तिथे पिल्लू देऊ नका. उलट आजीने पलीकडून विचारलं, "काय खातं ते? रात्री रडते का?" तर ते घर बघायला नक्की जा.

घर शोधण्याआधी पिल्लाची तयारी हवी. आई जवळ असेल तर आठ आठवड्यांच्या आत तिच्यापासून तोडू नका. नालीतून, गाडीखालून एकटं सापडलेलं पिल्लू आधी दोन आठवडे स्वतःकडे वेगळं ठेवा. पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची लागण झाली असेल तर ती तेवढ्या काळात दिसते. नाहीतर नव्या घरातल्या लेकरांना आल्या आठवड्यातच उलट्या आणि रक्ताची हगवण बघावी लागते. जंताचं औषध आणि ६ ते ८ आठवड्यांच्या वयात पहिली लस देऊनच पाठवा. पुढचे डोस ३-४ आठवड्यांच्या अंतराने, साधारण १६ आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. जवळचा डॉक्टर नसेल तर सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातला दवाखाना आहेच.

आणि समोरच्यांना हे विचाराच, की घरात आधी एखादं पिल्लू आजारी पडून गेलं का? पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. फरशी ब्लीचने धुता येते, अंगणातली माती कशी धुणार? अशा घरी लसीचे सगळे डोस झालेलं पिल्लूच द्यावं.

जाहिरातीत "गोड, पांढरंशुभ्र" लिहू नका, रंग पाहून फोन येतात. "पामेरियन मिक्स" असं तर कधीच नाही. खरं लिहा : मादी, अंदाजे दहा आठवड्यांची, कुकरच्या शिट्टीला घाबरते, अनोळखी माणसाकडे यायला वेळ लावते, मोठी झाल्यावर १५ ते २० किलोची होईल. फोन कमी येतील, पण कामाचे येतील. "मेल नाही का?" असं विचारणाऱ्यांवर मी लगेच फोन ठेवत नाही. त्यांना पिल्लावळीची भीती असते. सहा महिन्यांच्या सुमारास नसबंदी होते हे नीट समजावलं की बरेच जण मादीला तयार होतात. "एकदा पिल्लं होऊ देऊ" म्हणणाऱ्याला मात्र नाही.

पिल्लू चौकात, पेट्रोल पंपावर हातात देऊन मोकळं होऊ नका. स्वतः घेऊन घरी जा. फाटकाखालची फट, गच्चीचा कठडा, कूलरची लोंबणारी वायर बघा. दात येणारं पिल्लू वायर आधी चावतं. मग विचारा, मे महिन्यात दुपारी ते कुठे असेल? आपल्याकडे पारा ४५च्या वर जातो. "गच्चीवर टिनाचं शेड आहे ना" हे उत्तर आलं की पिल्लू परत घेऊन या. कूलरसमोर, घरातल्या माणसांत जागा असेल तरच पुढे बोला.

भाड्याचं घर असेल तर घरमालकाशी स्वतः बोलून होकार घ्या. सोसायटीची गोष्ट वेगळी. पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५च्या सूचनांत स्पष्ट आहे. त्या छापून सोबत द्या.

काटोल-कळमेश्वरकडून संत्र्याच्या बागेसाठी, राखणीला म्हणून फोन येतात. शेत म्हटलं की लगेच नाही म्हणू नका. तिथे कुटुंब राहत असेल, रात्री पिल्लाजवळ माणूस असेल, तर फ्लॅटपेक्षा ते घर चांगलं. रिकाम्या प्लॉटवर साखळीला बांधायचं असेल तर नाही, कितीही गोड बोलले तरी.

देताना साधा कागद करा : नाव, पत्ता, ओळखपत्राची प्रत, नसबंदीची कबुली, आणि सांभाळणं जमलं नाही तर पिल्लू तुम्हालाच परत, ही अट. प्राण्याला सोडून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हे तोंडाने सांगा. तितक्याच प्रेमाने हेही सांगा, की रात्री बाराला वाटलं तरी फोन करा, मी येऊन घेऊन जाईन. ही खात्री असली की माणसं अडचण लपवत नाहीत.

पहिल्या काही रात्री ते रडणार, याची कल्पना आधीच द्या. नुसतं दूध-पोळी नको, हगवण लागते. भातासोबत उकडलेलं अंडं किंवा चिकन द्या. सावजीच्या रश्शातली हाडं तर मुळीच नकोत : शिजलेलं हाड फुटून टोचतं, आणि त्या मसाल्यातला कांदा-लसूण कुत्र्याला विषारी. दुसऱ्या दिवशी फोन करा, मग लसी पूर्ण होईपर्यंत लसीच्या कार्डाचा फोटो मागत राहा.

चार-पाच महिन्यांचं झालं तरी घर मिळालं नाही, तर घाईने कुठेही देऊ नका. जाहिरात नव्याने लिहा. पहिल्याच ओळीत सांगा, की लसी पूर्ण आहेत, घरात घाण करत नाही, पट्ट्याने चालते, आणि सोबत चालतानाचा व्हिडिओ टाका. दिवसभर घरी असणाऱ्या निवृत्त जोडप्यांना लहान पिल्लाची धावपळ झेपत नाही; ते असंच कुत्रं शोधत असतात.