कपॅसिटर रिकामा करताना मीटरवरच्या शून्यावर विसंबू नका

प्लग काढला की करंट गेला, असं समजून पॉवर सप्लायमध्ये बोटं घालणारे लोक अजून भेटतात. लाइन जाते, पण कपॅसिटर म्हणजे वीज साठवणारा भाग, आणि मोठ्या कपॅसिटरमधला साठा तिथेच बसून राहतो. २३० व्होल्टचं डीसी झालं की त्याच्यावर ३२५ च्या आसपास व्होल्ट चढतात. कपॅसिटर ३३० मायक्रोफॅरडचा असेल, तर हा साठा साधारण १७ ज्यूल होतो. दाराच्या कडीला बसणारा स्टॅटिकचा चटकाही हजारो व्होल्टचा असतो, पण त्यात ज्यूलचा शंभरावा भाग असेल-नसेल, म्हणून आपण हात झटकून मोकळे होतो. कपॅसिटरचा झटका एका हातातून दुसऱ्या हातात गेला, तर वाटेत हृदय येतं. ठोक्याच्या नको त्या क्षणी तो बसला, तर हृदय नुसतं थरथरतं, रक्त ढकलत नाही.

अंगठी-घड्याळ काढा, प्लग काढा, पाच मिनिटं थांबा, झाकण उघडा. एक हात पाठीमागे.

आता डिस्चार्ज, म्हणजे हा साठा रिकामा करणं. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करा, असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. फाटकन ठिणगी पडते, टोक वितळतं, तांब्याचा ट्रॅक उडतो आणि दचकून हात भलतीकडे जातो. बल्ब लावण्याची युक्तीही मला पटत नाही: बल्ब विझला तरी थोडे व्होल्ट उरतातच, आणि फिलामेंट तुटलेली असेल तर काहीच होत नाही. २.२ किलोओहम, १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर घ्या, दोन्ही टोकांना इन्सुलेटेड क्लिपा लावा आणि त्या कपॅसिटरच्या दोन पायांना लावून दहा सेकंद धरा. हिशेबाने चार सेकंदांत एक-दीड व्होल्टच उरतो. सप्लायमध्ये दोन कपॅसिटर सिरीजमध्ये असतील, तर दोन्ही वेगवेगळे रिकामे करा.

मी फसलो ते यानंतर. त्या दिवशी रेझिस्टरची क्लिप रंगावर बसली होती, धातूला लागलीच नव्हती. व्होल्ट मोजायला मीटर (मल्टिमीटर) लावला, शून्य. निर्धास्तपणे बोट टेकवलं आणि हात असा मागे उडाला की कॅबिनेटच्या पत्र्याने बोटांची पेरं फाडली. नंतर पाहिलं तर मीटरची लाल वायर प्रोबच्या गळ्याशी आतून तुटलेली. तुटकी वायरही शून्यच दाखवते! तेव्हापासून डिस्चार्जच्या आधी मीटर चालू बॅटरीवर लावून पाहतो, मग डिस्चार्ज झाल्यावर कपॅसिटरवर, मग पुन्हा बॅटरीवर. तिन्ही वेळा बरोबर आलं तरच हात घालतो. मीटरची रेंज डीसीची हवी. एसीवर ठेवून शून्य वाचणारेही पाहिलेत.

शिवाय रिकामा केलेला कपॅसिटर थोड्या वेळाने स्वतःहून काही व्होल्ट परत उचलतो, त्याच्या आतल्या पडद्यात अडकलेला चार्ज हळूहळू बाहेर येतो म्हणून. त्यामुळे काम संपेपर्यंत रेझिस्टर लावूनच ठेवतो.

मायक्रोवेव्ह ओव्हनला यातलं काहीही लागू करू नका. तिथे दोन हजारांच्या वर व्होल्ट असतात, साधा मीटर आणि त्याच्या वायरी तेवढ्यासाठी नसतात. तो उघडूच नका.

झटका बसल्यावर छातीत दुखलं, धडधडलं किंवा चक्कर आली, तर थेट दवाखाना गाठा, ईसीजी काढा.

आणि पुन्हा प्लग लावण्याआधी तो रेझिस्टर काढा. राहिला तर धूर काढतो. माझा दोनदा निघालाय.