बोडीची पाळ: मे महिन्यातली तपासणी आणि पाझराचा बंदोबस्त

नागपूर जिल्ह्यात रामटेक, मौदा, भिवापूरकडे धानाला पाणी देणाऱ्या खासगी बोड्या, म्हणजे मातीची पाळ (बांध) घालून केलेली छोटी तळी आहेत. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरहून उंच आणि काही अटींवर १० ते १५ मीटरच्या धरणांसाठी आहे. बोडी त्यात बसत नाही, म्हणून पाळ मालकानेच बघायची.

गवत मुळासकट उपटू नका, आखूड कापा. बेशरम आणि बाभळीची रोपे मात्र मुळासकट काढा. मूळ आत कुजले की पाण्याला आयती नळी मिळते. घुशी-खेकड्यांची बिळे शेवटपर्यंत उकरून ओलसर मातीने ठोकून भरा.

सांडव्यावर, म्हणजे जास्तीचे पाणी बाहेर जायच्या वाटेवर, रेतीच्या गोण्या रचून फूटभर जास्त पाणी साठवायची सवय सोडा. पाणी पाळीवरून गेले की माती टिकत नाही. सांडवा पूर्ण भरून वाहत असतानाही पाळीचा माथा पाण्याच्या किमान दोन फूट वर राहिला पाहिजे. मासे अडवायची जाळी पावसाळ्यात काढाच, तिच्यात पालापाचोळा अडकून सांडवा तुंबतो.

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. पाळीला समांतर भेगेपेक्षा आडवी, म्हणजे पाण्याकडून बाहेर जाणारी भेग जास्त धोक्याची. तिच्यात चुन्याचे पाणी ओता आणि पांढरा रंग दिसेनासा होईपर्यंत खणा, मग आणखी फूटभर. सहा-सहा इंचांचे थर देऊन धुम्मसाने (माती ठोकायच्या जड अवजाराने) ठोकत भरा. माती मुठीत दाबली की गोळा व्हावा, पण हाताला चिकटू नये. वरून नुसता चिखल ओतणे निरुपयोगी आहे, तो वाळला की भेग पुन्हा उघडते. माथ्यावर फूटभर मुरूम असला तर माती सहसा इतकी भेगाळत नाही.

आता पाझर. थोडा पाझर मातीच्या पाळीत असतोच. बघायच्या दोनच गोष्टी: पाणी गढूळ आहे का, आणि वाढते आहे का. पायथ्याला छोटी चर काढून पाणी एका पाइपात आणा, १५ लिटरची बादली किती वेळात भरते ते मोजा आणि शेजारी बोडीतली पातळी लिहा. पातळी तीच असून बादली लवकर भरू लागली तर आतली वाट रुंदावते आहे. काचेच्या बाटलीत पाणी भरून तासभर ठेवा. तळाला माती बसली तर पाळ आतून पोखरली जाते आहे.

सगळ्यात चुकीचा सल्ला म्हणजे बाहेरच्या बाजूने काळी माती किंवा ताडपत्री लावून पाझर बुजवणे. पाणी थांबत नाही, आत दाब वाढतो, ते दुसरीकडून फुटते आणि पायथा ढासळतो. पाणी जाऊ द्यायचे, माती अडवायची. पाझराच्या जागेवरचे गवत काढून आधी कन्हान नदीची जाड, धुतलेली रेती सहा इंच, त्यावर बारीक गिट्टी सहा इंच, वर मुठीएवढे दगड फूटभर. पाझराच्या डागापेक्षा सगळीकडून तीन फूट जास्त पसरवा. क्रम उलटा झाला, किंवा रेतीऐवजी थेट दगड टाकले, तर दगडांच्या फटींतून माती निघून जाते. पायथ्याच्या सपाट जमिनीत पाणी उकळ्यासारखे वर येत असेल तर भोवती रेतीच्या गोण्यांचे कडे रचा. कड्यात पाणी चढले की उलटा दाब बसतो. माती येणे थांबेपर्यंतच उंची वाढवा, पाणी वाहत राहू द्या.

बोडी रिकामी करायची असेल तर दिवसाला फूटभरच उतरवा. घाई केली तर पाण्याकडचा भिजलेला उतार घसरतो.

गढूळ धार अचानक वाढली, किंवा बोडीत पाण्याचा भोवरा दिसला, तर पाळीवर कोणी थांबू नका. खालच्या बाजूच्या घरांना आणि शेतातल्या माणसांना आधी हलवा, १०७७ वर जिल्हा नियंत्रण कक्षाला कळवा, आणि पंप लावायचा तो पाळीपासून दूर, पक्क्या जमिनीवरून.